हेलपाटा वाचला, तर पोर्टल खरं!

भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी सावदा, रावेर मागे टाकून निघाली की खिडकीतून केळीच्या बागा दिसू लागतात. अधूनमधून दिसतात ती रुळांच्या कडेला सरकून उभी राहिलेली माणसं. अंगात भगवं जाकीट, हातात घण नाहीतर पाना. गाडी पुढे गेली की ती पुन्हा कामाला लागतात. हे ट्रॅकमन. लाखो प्रवाशांना सुखरूप पोहोचवण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्या या माणसांना स्वतःच्या बायकोमुलांना घेऊन गावी जायचं असेल तर काय करावं लागे?

रेल्वेतल्या माणसाला मोफत पास मिळतो, हे शेजारीपाजारी सगळ्यांना ठाऊक असतं. राजपत्रित नसलेल्या कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत वर्षाला एक आणि पुढे वर्षाला तीन संच, असा त्याचा नियम. पण तो पास हातात पडेपर्यंतची कथा शेजाऱ्यांना ठाऊक नसते. आधी छापील फॉर्म मिळवायचा, भरायचा, मुकादमाकरवी पुढे धाडायचा. अर्ज कार्यालयात पोहोचला का, सही झाली का, हे विचारायला एक दिवस मोडायचा. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे उत्तर मिळालं की दुसरा दिवस. पास मिळाला की आरक्षणाच्या खिडकीवर रांग. तोवर दिवाळीच्या गाड्या भरून गेलेल्या! घरात बायकोने बॅगा भरलेल्या आणि यजमान हात हलवत परत आलेले. रेल्वेच्या वसाहतींमध्ये हे दृश्य नवं नव्हतं.

ऑगस्ट २०२० मध्ये रेल्वेने ई-पासची सोय सुरू केली. रेल्वेची संगणकीय कामं पाहणाऱ्या ‘क्रिस’ या संस्थेने ती तयार केली. अर्ज मोबाइलवरून, मंजुरी ऑनलाइन, पासही ऑनलाइन. एवढंच नव्हे, तर त्या पासावरचं तिकीट ‘आयआरसीटीसी’वर घरबसल्या काढता येऊ लागलं. पूर्वीची खिडकीही चालू ठेवली होतीच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच व्यवस्थेत आणखी तीन दालनं उघडली. एकात स्वतःच्या नोंदी पाहून त्यातल्या बदलांबद्दल कळवायचं, दुसऱ्यात भविष्य निर्वाह निधीची शिल्लक पाहून अगाऊ रकमेसाठी अर्ज करायचा आणि तिसऱ्यात निवृत्तीच्या वेळची देणी व पेन्शनची कागदपत्रं भरायची.

आता कर्मचाऱ्यांसाठी पोर्टल, म्हणजे ऑनलाइन दालन, ही काही रेल्वेचीच मिरास नाही. बँका, कारखाने, सरकारी खाती, रुग्णालयं, शाळा... जिथे शंभर-दोनशे माणसं कामाला आहेत तिथे बहुधा ते असतंच. मोठा खर्च होतो, फीत कापली जाते, पेढे वाटले जातात. आणि मग? नव्याचे नऊ दिवस! सहा महिन्यांनी पाहावं तर मंडळी पुन्हा कारकुनाच्या टेबलाशी उभी. एक पोर्टल लोक आपलंसं करतात आणि दुसरं ओस पडतं, असं का होत असेल?

आधी गरज, मग आरास

ओस पडलेल्या पोर्टलाचं पहिलं पान उघडून पाहावं. सर्वात वर अध्यक्षांचा संदेश. मग योग दिनाची छायाचित्रं, वार्षिक समारंभात कापलेला केक, कंपनीचं ध्येयवाक्य. यात वाईट काही नाही. पण कर्मचारी इथे येतो कशासाठी? माझी रजा किती उरली? या महिन्यात पगार कमी का आला? पुढच्या आठवड्यात पाळी कोणती? आईला रुग्णालयात ठेवायचं तर विम्याचं कार्ड कुठे मिळेल? ही चार उत्तरं चार पानं उलटल्यावरच सापडत असतील, तर तो दुसऱ्या वेळी येत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना विचारतो. त्यांनाही सापडत नसेल तर दोघं मिळून कारकुनाकडे जातात.

रेल्वेने सुरुवात केली ती पासापासून, यात मेख आहे. रेल्वेच्या घरात पास म्हणजे दिवाळी, माहेर, लग्नकार्य, देवदर्शन. त्या एका गोष्टीसाठी माणूस बोटं चालवायला शिकतो. एकदा पास मिळाला की भीड चेपते आणि मग निधीची शिल्लकही तोच माणूस पाहतो. ज्या कामासाठी माणसं सर्वात जास्त हेलपाटे घालतात ते काम आधी हाती घ्यावं, एवढं साधं हे गणित. पण पुष्कळ ठिकाणी नेमकं उलट होतं. कार्यालयाला जी माहिती हवी असते ती भरून घेण्याचे रकाने आधी तयार होतात आणि कर्मचाऱ्याला जे हवं असतं ते ‘दुसऱ्या टप्प्यात’ जातं. तो दुसरा टप्पा कधी येतो, हे ज्याचं त्यालाच माहीत!

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

दुसरी गोष्ट खरेपणाची. पोर्टलवर शिल्लक रजा बारा दिवस दिसते, माणूस तिकिटं काढतो आणि ऐनवेळी साहेब म्हणतात, ‘रजिस्टरमध्ये सातच आहेत!’ असं एकदा झालं की त्या पोर्टलावरचा विश्वास संपला. पुढे कितीही सुधारणा करा, माणूस रजिस्टरच पाहायला मागणार.

या खरेपणाची किंमत किती मोठी असते, हे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या अनुभवावरून कळतं. १९५२च्या कायद्याने आलेली ही योजना खासगी नोकरीतल्या कोट्यवधी कुटुंबांचा म्हातारपणाचा आधार. पूर्वी नोकरी बदलली की नवा खातेक्रमांक मिळे. आधीचे पैसे जुन्या खात्यात अडकून राहत. चार नोकऱ्या म्हणजे चार खाती आणि त्यांच्या चिठ्ठ्या कुठल्या डब्यात ठेवल्या हे आठवेनासं झालेलं! २०१४ मध्ये बारा आकडी कायम क्रमांक आला, ज्याला सगळे ‘यूएएन’ म्हणतात. नोकरी बदला, गाव बदला, क्रमांक तोच. पासबुक मोबाइलवर दिसू लागलं आणि मालकाने या महिन्याचे पैसे भरले की नाही, हे प्रथमच कामगाराला स्वतः पाहता येऊ लागलं. ही साधीसुधी गोष्ट नव्हती.

पण नोंदी होत्या त्या जुन्याच. आधारवर ‘सुरेखा’, निधीच्या खात्यात ‘सुलेखा’. जन्मतारखेत महिना आणि दिवस उलटे. लग्नानंतर आडनाव बदललेलं, पण खात्यात माहेरचंच. वडिलांच्या नावाच्या रकान्यात पतीचं नाव. कुठल्याशा कार्यालयात कुणीतरी घाईत टंकलेलं एक अक्षर आणि त्यापायी अडकलेले आयुष्यभराचे पैसे! जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारनेच सांगितलं, की सभासदांच्या तक्रारींपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक तक्रारी अशा वैयक्तिक नोंदींबद्दलच्याच होत्या. म्हणजे पोर्टल चालू होतं, यंत्र ठीक होतं, घोडं पेंड खात होतं ते नावाच्या स्पेलिंगपाशी.

आपल्या महाराष्ट्रातल्या शिक्षकांनाही असाच धडा मिळाला. शाळांचे पगार ‘शालार्थ’ या संगणकीय प्रणालीतून निघतात. २०१८च्या सुरुवातीला ही प्रणाली तांत्रिक बिघाडाने बंद पडली आणि पगार जुन्या कागदी पद्धतीने काढण्याची परवानगी शासनाला द्यावी लागली. पुढे २०२५ मध्ये नागपुरात बनावट ‘शालार्थ आयडी’चं प्रकरण उघडकीला आलं आणि अटका झाल्या. संगणक नोंद सांभाळतो, पण ती खरी की खोटी हे त्याला कळत नाही. ते पाहायला प्रामाणिक माणूसच लागतो. आणि यंत्र बंद पडलं तर पगाराची वाट काय, याचाही विचार आधीच करून ठेवावा लागतो.

पायऱ्या कमी करा

पुष्कळ कार्यालयांमध्ये ‘ऑनलाइन’ म्हणजे जुना छापील फॉर्म जसाच्या तसा पडद्यावर चढवणं. तेच अठ्ठावीस रकाने, त्याच तीन सह्या, तीच जोडपत्रं. वर ती स्कॅन करून चढवायची! यात हेलपाटा वाचला कुणाचा? कार्यालयाचा. कर्मचाऱ्याचं काम उलट वाढलं.

खरी सुधारणा ही वजाबाकीची असते. निधी संघटनेचीच काही उदाहरणं पाहा. नोकरी सोडल्याची तारीख पूर्वी फक्त मालकच नोंदवू शकत असे. मालकाशी बिनसलेलं असलं, किंवा कारखानाच बंद पडला असला, की सगळं अडून बसे. जानेवारी २०२० पासून ही तारीख, नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर, कामगाराला स्वतः नोंदवता येऊ लागली. पैसे काढताना बँकेच्या धनादेशाचा नाहीतर पासबुकाचा फोटो चढवावा लागे. तो अंधुक आला म्हणून किती अर्ज परत येत! एप्रिल २०२५ मध्ये ही अटच काढून टाकण्यात आली. कारण बँकखातं आधीच तपासलेलं असतं, मग पुन्हा फोटो कशाला? आजारपणासाठीच्या अगाऊ रकमेचे अर्ज माणसाच्या हाताविना आपोआप तपासण्याची सोय २०२० मध्ये आली. पुढे शिक्षण, लग्न, घर या कारणांनाही ती लागू झाली आणि जून २०२५ मध्ये तिची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेली गेली.

ही प्रत्येक वजाबाकी कुणाच्या तरी घरात जाणवते. आई अतिदक्षता विभागात असताना ‘फोटो अस्पष्ट, अर्ज नामंजूर’ हा संदेश वाचावा लागलेल्या माणसाला तिचं मोल विचारावं.

भाषा आपली, फोन साधा

पोर्टल तयार करणारी मंडळी वातानुकूलित खोलीत मोठ्या पडद्यासमोर बसलेली असतात. ते वापरणारा असतो बसचा वाहक, रुग्णालयातली परिचारिका, यंत्रमागावरचा कामगार, बँकेच्या दारावरचा सुरक्षारक्षक. त्याच्या हातात असतो काच तडकलेला फोन आणि नेटवर्कची एकच काडी. पडद्यावर इंग्रजीत ‘एम्प्लॉयी सेल्फ सर्व्हिस’ लिहिलेलं पाहून तो बिचकतो. तिथे ‘माझी रजा’, ‘माझा पगार’ लिहिलं असतं तर?

निधी संघटनेने या बाबतीत एक शहाणपणा केला. साध्या फोनवरून एसएमएस किंवा मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक कळेल अशी व्यवस्था ठेवली आणि एसएमएसचं उत्तर मराठीसह दहा भाषांमध्ये मिळेल अशी तजवीज केली. ज्याच्याकडे भारी फोन नाही त्यालाही दार उघडं राहिलं.

हे दार नसलं की काय होतं? कॉलनीच्या कोपऱ्यावरचं ‘ऑनलाइन सेंटर’ चालतं! मोफत कामासाठी शंभर-दोनशे रुपये, मोठ्या रकमेचा दावा असेल तर टक्केवारी. शिवाय पासवर्ड आणि ओटीपी परक्याच्या हातात. जून २०२५ मध्ये निधी संघटनेला सभासदांना जाहीर सावधगिरीचा इशारा द्यावा लागला, की अशा मध्यस्थांकडे जाऊ नका, या सेवा मोफत आहेत. इशारा योग्यच. पण त्यातून एक गोष्ट उघड होते. ज्या पोर्टलापाशी दलाल उभा राहतो, ते अजून पुरेसं सोपं झालेलं नसतं. कार्यालयाचा हेलपाटा वाचला आणि सेंटरचा सुरू झाला, तर कामगाराला काय मिळालं?

पडद्यामागे माणूस हवाच

आणि तरीही काही गोष्टी पडद्यावर सुटत नाहीत. दोन क्रमांक एकाच माणसाच्या नावावर झाले, जुन्या मालकाचा पत्ता लागत नाही, मोबाइल नंबर बदलला आणि ओटीपी जुन्याच नंबरावर जातो. अशा वेळी ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ हा संदेश वाचून माणूस हताश होतो. त्याला हवा असतो कुणीतरी समोर बसून ऐकून घेणारा.

म्हणूनच निधी संघटनेने जानेवारी २०२३ पासून ‘निधी आपके निकट’ हा उपक्रम नव्या रूपात जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. दर महिन्याच्या २७ तारखेला अधिकारी स्वतः येऊन बसतील अशी ही योजना. ऑनलाइनच्या जमान्यात शिबिरं कशाला, असं कुणी विचारील. पण चांगलं पोर्टल माणसाला हटवत नाही. ते नेहमीची शंभर कामं स्वतः करतं आणि अवघड अशा पाच कामांसाठी माणसाला मोकळं ठेवतं. ज्या कार्यालयात पोर्टल आल्यावर मदतीचं टेबलच उचललं गेलं, तिथे कर्मचारी पोर्टलाला दुवा देत नाहीत.

घाईचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. डिसेंबर २०२१ मध्ये निधीच्या ऑनलाइन नामनिर्देशनासाठी ३१ तारखेची मुदत असल्याचा बोलबाला झाला. सगळे एकदम धावले आणि पोर्टल गुदमरलं. शेवटी ‘नंतरही भरता येईल’ असं संघटनेला जाहीर करावं लागलं. एकाच दिवशी सगळ्यांना दारात उभं करायचं आणि दार मात्र एकच फळी उघडायची, हा प्रकार कार्यालयांनी टाळायला हवा.

घरच्यांनी काय पाहावं?

आता थोडं आपल्या बाजूचं. घरातलं कुणी नोकरीत असेल, तर एखाद्या रविवारी चहाच्या वेळी अर्धा तास काढावा आणि नवरा-बायकोने मिळून पोर्टल उघडावं. नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव हे आधारशी अक्षर न् अक्षर जुळतं का? नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे का? बँकखातं तेच आहे ना? मागच्या नोकरीतून निघाल्याची तारीख पडली आहे का? जुन्या खात्यातले पैसे नव्यात आले का? दर महिन्याची जमा पगाराच्या स्लिपशी जुळते का?

आणि सर्वात महत्त्वाचं, नामनिर्देशन. कितीतरी जण पहिल्या नोकरीत, लग्नाआधी, आईचं किंवा भावाचं नाव घालतात आणि विसरून जातात. भविष्य निर्वाह निधीचा नियम असा, की कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द समजलं जातं. म्हणजे रकान्यात नाव दिसतं, पण ते उपयोगाचं नसतं! नवं नामनिर्देशन ऑनलाइन करता येतं आणि त्यासाठी मालकाची सही लागत नाही. सभासद नोकरीत असताना दगावला तर निधीशिवाय विम्याची रक्कमही कुटुंबाला मिळते. २०२१ मध्ये तिची कमाल मर्यादा सात लाख रुपये करण्यात आली. ही गोष्ट कित्येक घरांत ठाऊकच नसते.

असं बोलणं घरात अभद्र वाटतं, हे खरं. ‘कशाला नको ते बोलायचं?’ म्हणून विषय बदलला जातो. पण पोर्टलाची खरी कसोटी लागते ती अशाच दिवशी. एरवी पास, रजा, पगाराची स्लिप यासाठी थोडं थांबलं तरी चालतं. कमावतं माणूस गेल्यावर मात्र त्याच्या बायकोने लहान लेकराला कडेवर घेऊन कुठल्या कार्यालयाच्या पायऱ्या किती वेळा चढाव्या लागल्या, यावरून त्या कार्यालयाचं पोर्टल यशस्वी की अयशस्वी ते ठरवावं. किती जणांनी ते उघडलं याच्या आकड्यांवरून ठरवू नये.

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. कागदाच्या राज्यात तिचा जन्म झाला. पडदा आला म्हणून ती आपोआप मरत नाही. ती मरते ती रावेरपुढच्या त्या ट्रॅकमनसारख्या, कार्यालयापासून सर्वात दूर असलेल्या माणसाला समोर ठेवून कुणी काम केलं तर. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, झाडाखाली बसून, भाकरी खाता खाता त्याने भाऊबीजेची तिकिटं काढली आणि घरी फोन करून सांगितलं, ‘बॅगा भरायला घे’, की समजावं, पोर्टल पावलं!